पेवातला माल आणि तो एक-चतुर्थांश

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "प्रयोग करून बघताच येत नाही तर तू दिवसभर करतेस तरी काय?" सांगलीत आले की हा प्रश्न ठरलेलाच, आणि सगळ्यात जास्त तो मामाकडून. मामाचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. तिथं तोंडी कौतुकावर कोण माल घेत नाही, पोत्यात हात घालायचा, एक हळकुंड काढायचं, कटकन मोडायचं, आतला रंग बघायचा, मग भाव.

माझा विषय क्वांटम ग्रॅव्हिटी. आइन्स्टाइनचं 1915 चं गुरुत्वाकर्षण बरोबर आहे, अणूंचं क्वांटम गणितही बरोबर आहे, पण नेहमीच्या रीतीनं दोन्ही एकत्र करायला गेलं की उत्तरं अनंत यायला लागतात. दोन्ही एकदम लागतात ती लांबी म्हणजे मीटरमध्ये दशांश चिन्हानंतर 34 शून्यं आणि मग 16. एवढं बारीक मोडून बघेल असं मशीन नाही, म्हणजे हळकुंड हातातच येत नाही.

मग तपासायचं कशावर, हे मामाला पटवायला मी हरिपूरची पेवं काढली. पूर्वी हळद जमिनीतल्या त्या मोठ्या खड्ड्यांत साठवायचे, तोंड लहान, पोट मोठं, 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली. म्हटलं मामा, पेवाची लांबी-रुंदी-खोली सगळी दुप्पट केली तर माल किती राहील? आठपट, लगेच म्हणाला, व्यापारी माणूस. म्हटलं ब्लॅक होल दुप्पट केलं तर त्यात चारपटच 'माल' मावतो. म्हणजे हिशोब पोटाचा नाही, सालीचा. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी 1970 च्या दशकात हे काढलं, आणि सूत्रात क्षेत्रफळाच्या एक-चतुर्थांश येतं. हा 'माल' म्हणजे एन्ट्रॉपी, आत किती प्रकारच्या रचना लपून असू शकतात त्याचं माप. आता त्या रचना खरोखर एकेक मोजून तेच एक-चतुर्थांश आणून दाखवायचं, ही आमची परीक्षा.

स्ट्रिंग थिअरीवाल्यांनी (क्वांटम ग्रॅव्हिटीकडे जाणारी दुसरी वाट) 1996 मध्ये ते अचूक आणलं, पण एका खास जातीच्या ब्लॅक होलसाठी. आमच्या लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत (ज्याचा पाया घातला आपल्या महाराष्ट्रातल्या अभय अष्टेकरांनी, 1986 मध्ये) क्षेत्रफळाचा नियम छान येतो, पण त्यापुढचा एक-चतुर्थांश जुळवायला इमिर्झी पॅरामीटर नावाची एक संख्या हव्या त्या किमतीला लावावी लागते. वर 1998 च्या मोजणीत एक चूक होती, ती 2004 मध्ये सापडली, की ती किंमतही बदलली.

मामा ऐकून घेतो, चहाचा कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "म्हणजे भाव आधी ठरवला आणि वजन नंतर जुळवलं."

मी गप्प. कारण सेमिनारमध्ये परक्या लोकांनी हेच विचारलं तर माझ्याकडे चार स्लाइड तयार असतात, पण खरं सांगायचं तर मलाही ते खुपतंच, आणि माझी गेली दोन वर्षं त्याच संख्येमागे गेलीत. पीएचडीनंतर दोन पोस्टडॉक (ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या नोकऱ्या) झाले, एक तीन वर्षांचा, एक दोन, दर शरद ऋतूत पुढच्या जागेचे अर्ज, सामान कधी पूर्ण उघडायचंच नाही. मध्ये एकदा सात महिन्यांचं गणित एका उणे चिन्हापायी गेलं, ते चिन्ह मीच पान 14 वर सोडलं होतं. (आई म्हणते बँकेची परीक्षा दिली असतीस तर मॅनेजर झाली असतीस. असेन.)

तर दिवसभर करते काय, तर हेच. ती संख्या हातानं न लावता आपोआप यावी म्हणून कागद खराब करते, आणि आली असं वाटलं की आधी स्वतःचीच चूक शोधते. बहुतेक वेळा सापडते.

निघताना मामानं पिशवीत किलोभर हळद घातली, वर एक हळकुंड मोडून दाखवलं, आतून गडद केशरी. "तुझं जुळलं की फोन कर," म्हणाला, "वजन मी तपासतो."