अंजलाय स्टेडियमच्या बंद फाटकापाशी

मॉरिशसची सहल. सकाळपासून वारा सुटला होता आणि इल ओ सर्फ या लहान बेटावर जाणारी बोट रद्द झाली. टूर मॅनेजरसाठी याहून वाईट बातमी एकच, पासपोर्ट हरवल्याची. मंडळी टोप्या-चपला घालून लॉबीत तयार. बहुतेक साठीच्या पुढची, सांगली-मिरज आणि पुण्याची. मी दुसऱ्या दिवशीची पाम्प्लेमूसची बाग आदल्या दिवशीच उरकायला घेतली. परातीएवढ्या पानांची कमळं पाहून झाली, फोटो झाले, तरी जेवणाला अजून दीड तास होता. रिकाम्या वेळेत प्रवासी शॉपिंग तरी मागतात, नाहीतर तक्रारी तरी करतात.

आमचे बसचालक व्हाक्वा गावचे, मॉरिशसच्या मराठी घरातले. घरात क्रेओल भाषा, पण शाळेत मराठी विषय घेतलेला, त्यामुळे बोलणं जरा पुस्तकी. ते म्हणाले, "ताई, इथून जवळ स्टेडियम आहे. नेऊ का?"

"काका, स्टेडियममध्ये काय बघायचं?"

"बघायचं काही नाही. सांगायचं आहे."

बेल व्ह्यूला उसाच्या मळ्यांमधल्या त्या स्टेडियमचं फाटक बंद होतं. बसच्या सावलीत उभं राहून काका सांगू लागले. अंजलाय कूपेन ही ऊसमळ्यातली मजूर. २७ सप्टेंबर १९४३ ला, मजुरीसाठी संप चालू असताना, पोलिसांनी इथे बेल व्ह्यू हारेलला मजुरांवर गोळीबार केला. चार जण गेले. त्यात अंजलाय. ती गरोदर होती. देश स्वतंत्र झाला १९६८ मध्ये आणि पुढे स्टेडियमला तिचं नाव मिळालं. मंत्र्यासंत्र्यांची नावं लागलेली मैदानं मी पुष्कळ पाहिली आहेत. मजूर बाईच्या नावाचं हे पहिलंच.

"आणि १९९९?" काकांनीच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. मॉरिशसचे फुटबॉल क्लब जातीधर्मावर उभे होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, गोऱ्यांचा डोडो क्लब, आफ्रिकी वंशाच्या क्रेओल लोकांचा फायर ब्रिगेड. सरकारनं सक्तीनं नावं बदलायला लावली. मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स क्लब झाला, पण स्टँडमध्ये बसणारे तेच राहिले. २३ मे १९९९ ला याच मैदानावर स्काउट्स विरुद्ध फायर ब्रिगेड असा विजेतेपदाचा सामना झाला. विजेतेपद फायर ब्रिगेडकडे गेलं आणि दंगल उसळली. पोर्ट लुईसमध्ये लामिकाल नावाचं जुगारघर पेटवलं गेलं. सात माणसं मेली. त्यात दोन लहान मुलं आणि एक गरोदर बाई.

"परत गरोदर बाईच?" मिरजेच्या काकू एवढंच म्हणाल्या. काका त्या दिवशी प्रेक्षकांची बस घेऊन याच मैदानावर आले होते. ते स्वतः कॅडेट्सवाले. पुढे लीग बंद ठेवली गेली, आणि सुरू झाली ती गावांच्या, जिल्ह्यांच्या नावांच्या संघांनी. "आता मैदानात कोण येतो? सगळे घरी बसून लिव्हरपूल बघतात," ते म्हणाले. हाच देश १९७४ ला आफ्रिकन नेशन्स कप खेळला होता.

एवढ्यात पुण्याचे एक गृहस्थ मागून म्हणाले, "लहान देश, त्यामुळे असं व्हायचंच." मला राग आला, पण पैसे भरलेल्या माणसावर चिडायची आम्हाला मुभा नसते. सांगलीच्या आप्पांना ती होती.

"काय लहान देश? मुंबईत काय होतं? हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'रेस्ट'. क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा! गांधीजींनी विरोध केला तरी चालू राहिली, १९४६ पर्यंत. ही बाई गेली त्याच १९४३ च्या डिसेंबरात आमच्या सांगलीच्या विजय हजारेंनी रेस्टकडून ब्रेबर्न स्टेडियमवर ३०९ केले. ख्रिश्चन ना ते, म्हणून रेस्टकडून. समोर हिंदूंकडून विजय मर्चंट नाबाद २५०. टाळ्या कोण कुणासाठी वाजवत होतं, विचारा की!"

पुण्याचे गृहस्थ गप्प झाले. जेवायला उशीर झाला, हॉटेलवाला कुरकुरला, डाळ गार झाली. पण जेवताना विषय कपडे-खरेदीचा निघाला नाही, निवडणुकीचा निघाला. एक निवृत्त तहसीलदार काकांना सोडेनात. काकांनी सांगितलं: संसदेत ६२ जण निवडून जातात आणि समुदायांचा समतोल राखायला हरलेल्यांतून वर जास्तीत जास्त आठ जागा दिल्या जातात. त्यासाठी उमेदवारानं अर्जावर समुदाय लिहायचा. पर्याय चार: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या', म्हणजे बाकीचे सगळे. आकडेमोड अजून १९७२ च्या जनगणनेवर, कारण त्यानंतर समुदाय विचारलेलाच नाही.

"मग तुम्ही कशात?" तहसीलदारांनी विचारलं.

"कागदावर हिंदू. तिकीट वाटताना मराठी किती, ते निराळं मोजतात."

परतीला काकांनी आप्पांना पुढच्या सीटवर बसवून घेतलं. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ पैकी ३०९ हजारेंचे, भाऊ विवेक बरोबर असताना ३०० ची भागीदारी आणि त्यात विवेकचे २१, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. पण एकट्यानं एवढं करूनही रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले, हे त्या फुटबॉलवाल्या माणसाला ग्राँ बे येईपर्यंत पटत नव्हतं. "एक डाव म्हणजे किती गोल?" असं ते आप्पांना पुन्हा पुन्हा विचारत होते.