बोट परत कोण आणणार?

आमची बोट साधारण सहा मीटरची, मागे एकच आउटबोर्ड इंजिन. बोटीवर आम्ही नवरा-बायको दोघंच असतो. किनाऱ्यापासून पंधरा-अठरा सागरी मैल आत जायचं, दिवसभर गळ टाकायचे आणि उजेड असेपर्यंत परतायचं, असं गेली नऊ वर्षं चालू आहे. त्यातली पहिली तीन वर्षं मी बोटीवर असून नसल्यासारखी होते. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ज्या दिवशी कळलं तो दिवस आणि त्यानंतर आम्ही काय काय बदललं, ते सविस्तर लिहिते आहे. आमच्यासारखी जोडपी बरीच आहेत, आणि बहुतेक बोटींवर सगळं एकालाच येत असतं.

सुरुवातीला माझी लढाई बोट लागण्याशी होती. आतल्या कानाला हेलकावे कळतात, डोळ्यांना मात्र बोटीतली वस्तू स्थिर दिसते. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून पोट ढवळतं. मी तर खाली मान घालून गळाच्या गाठी मारत बसायचे, म्हणजे नेमकं जे करू नये तेच. नजर क्षितिजावर ठेवणं, बोटीच्या मध्यावर उभं राहणं, इंजिनाच्या धुरापासून लांब राहणं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्रास सुरू व्हायच्या आधीच घेणं, एवढ्यावर माझं भागलं. मळमळ थांबल्यावर मी रॉड धरायला शिकले आणि मला त्याचं वेडच लागलं. पण सुकाणू, जीपीएस, रेडिओ, नांगर हे सगळं नवऱ्याकडेच राहिलं. तो करायचा, मी बघायचे. खरं तर बघतही नव्हते.

त्या दिवशी आम्ही अठरा मैलांवर ट्रोलिंग करत होतो, म्हणजे बोट हळू चालवत मागे तीन दोऱ्यांवर नकली मासे ओढत होतो. एका दोरीला माहीमाही लागला. हा मासा पाण्यात जितका देखणा, बोटीत आल्यावर तितकाच अनावर. नकली माशाला दोन तिहेरी गळ होते. एक माशाच्या जबड्यात होता. नवऱ्याने दोरी धरून मासा आत घेतला, मासा उसळला आणि दुसरा गळ नवऱ्याच्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या खालच्या मांसात रुतला. मासा एका टोकाला तडफडतोय आणि दुसऱ्या टोकाला त्याचा हात, असं ते दृश्य होतं.

मी ओला टॉवेल माशाच्या डोळ्यांवर टाकला आणि गुडघ्याने दाबून धरला. डोळे झाकले की मासा बराच शांत होतो, एवढं मला ठाऊक होतं. मग पक्कडीने गळ अडकवलेली कडी तोडली. हातातला गळ ओढून काढायचा प्रश्नच नव्हता. त्याला उलटा काटा असतो, तो येताना मांस फाडतो. हातावर फडकं गुंडाळलं. नवरा पांढराफटक पडला होता. त्याला ओकारी झाली आणि तो खाली बसला. म्हणाला, ‘‘तू चल आता.’’

मी गिअर टाकला आणि थ्रॉटल पुढे ढकलला. उरलेल्या दोन दोऱ्या अजून पाण्यात होत्या.

थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज जड झाला आणि ते बंद पडलं. ब्रेडेड दोरी पंख्याभोवती गुंडाळली गेली होती. ही दोरी विणलेली असते, ताणली जात नाही आणि भयंकर चिवट असते. आत सरकली तर पंख्यामागचं ऑइल सील कापू शकते. इंजिन वर उचलायचं बटण कुठलं, हे मी नवऱ्याला विचारलं. तीन वर्षांत ते बटण माझ्या डोळ्यांसमोर होतं. मग मी बोटीच्या मागच्या कडेवर पालथी पडले आणि चाकूने एकेक वेढा कापत राहिले. लाट आली की कोपरापर्यंत हात पाण्यात जायचा. डाव्या, धड हाताने त्याने माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा मागून घट्ट धरला होता. पिवळ्या दोरीचे ते तुकडे मी पाण्यात न टाकता खिशात कोंबत गेले. अजून एका डबीत ठेवले आहेत.

इंजिन चालू झालं. आता जायचं कुठे? चारी बाजूंना पाणी. बसलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम चार-पाच किलोमीटरवर दिसतं, आमचा किनारा सखल आहे, तो अठरा मैलांवरून दिसणं शक्यच नव्हतं. जीपीएसवर बंदराची खूण कशी काढायची, मला माहीत नव्हतं. नवरा डोळे मिटून पडला होता. पण सकाळी त्याने दोन-तीनदा ‘‘दोनशे चाळीसवर आहोत’’ असं म्हटल्याचं आठवलं. म्हणजे जाताना होकायंत्र दोनशे चाळीस अंशांवर होतं. नेमक्या उलट दिशेसाठी त्यातून एकशे ऐंशी वजा केले, साठ राहिले. होकायंत्र साठ अंशांवर धरलं आणि निघाले. ताशी नऊ मैलांच्या वेगाने दोन तास. त्या दोन तासांत होकायंत्रावरून नजर काढायचं धाडस मला झालं नाही. प्रवाहाने बोट बाजूला ढकलली होती, त्यामुळे बंदराच्या तोंडाऐवजी आम्ही मैलभर खाली निघालो. दीपस्तंभ दिसला तेव्हा मला रडू आलं. डॉक्टरांनी हात बधिर करून गळ काढला, जखम भरली. पण त्या रात्री नवरा झोपला नाही. तो एवढंच म्हणाला की चूक त्याची होती, त्याने मला कधी काही करूच दिलं नव्हतं. मी म्हटलं, मी तरी कुठे मागितलं?

तेव्हा ठरलं, दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने बोट परत आणता येत नाही, तोपर्यंत खोल पाण्यात जायचं नाही. पुढचे पाच महिने आम्ही बंदराच्या तोंडापलीकडे गेलो नाही.

मी छोट्या बोटींचा आणि रेडिओचा प्रशिक्षणवर्ग केला. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचं चॅनल संकटासाठी असतं. ‘मेडे’ तीन वेळा म्हणायचं, बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, किती माणसं ते सांगायचं, आणि बटण सोडायचं, नाहीतर उत्तर ऐकूच येत नाही. समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम तिथे वाचले. मागे दोऱ्या सोडल्या की आपण ‘मासेमारी करणारी नौका’ आणि बाकीच्यांनी आपल्याला वाट द्यायची, असा आमचा दोघांचाही समज होता. ट्रोलिंगच्या दोऱ्यांनी बोट वळवायला अडचण येत नाही, म्हणून तिला ती सवलत नाही. नवऱ्यालाही हे माझ्याकडूनच कळलं.

हवामान आता दोघंही वेगवेगळं बघतो आणि मग बोलतो. मी आधी फक्त लाटेची उंची बघायचे. दीड मीटर लाट दहा सेकंदांच्या अंतराने येत असेल तर बोट नुसती डोलते, तीच पाच सेकंदांच्या अंतराने आली की आपटते. त्यात वारा प्रवाहाच्या उलट असला तर लाटा उभ्या होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तो मंदावतो, म्हणून लांबच्या फेऱ्या आम्ही भांगाला ठेवतो. दोघांपैकी एकालाही नको वाटलं की फेरी रद्द. कारण विचारायचं नाही. इंधनाचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक हातचा राखून. कुठे चाललो आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघायचं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो पाण्यात पडलेल्या माणसाला परत घ्यायच्या सरावाला. आधी जुना तरंगता बोया टाकून केला. मी सुकाणू वळवलं आणि बोया हरवला. मीटरभर लाटेत माणसाचं डोकंही असंच दिसेनासं होतं. म्हणून आधी जीपीएसवरचं खुणेचं बटण, मग नजर त्या माणसावरून हलवायची नाही, हळू जवळ यायचं, आणि तो हाताशी येण्याआधी इंजिन बंद. हे जमल्यावर एका शांत सकाळी नवरा खरंच जॅकेट घालून पाण्यात उतरला. मी त्याला वर ओढू शकले नाही. दोन्ही हातांनी, पाय टेकवून, सगळं बळ लावूनही नाही. ओल्या कपड्यांतला भरदार माणूस कडेवरून आत घेणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. त्याच आठवड्यात मागे पाण्याखालपर्यंत जाणारी शिडी बसवली, शिवाय पाय टेकायला फासा असलेला दोर कायमचा बांधून ठेवला. लाइफ जॅकेट आणि इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी याबद्दल आमच्या बोटीवर आता चर्चाच होत नाही. तिहेरी गळ काढून टाकले, सगळीकडे एकेरी लावले.

एक गोष्ट कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. इंजिनाच्या आवाजात ओरडून बोललेलं सगळं रागावल्यासारखंच ऐकू येतं. आमची निम्मी भांडणं त्यातून व्हायची. आता हाताच्या खुणा आहेत: मूठ म्हणजे थांब, तळवा खाली म्हणजे हळू, बोट दाखवू तिकडे वळ. बोटीवरचं आमचं बोलणं त्यामुळे खूप हलकं झालं.

त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी कुपा लागला, म्हणजे ट्यूना. रॉड माझ्या हातात, सुकाणू त्याच्याकडे. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर होता, तरी रिळातून दोरी अशी धावली की माझ्या अंगावर काटा आला. दमलेला कुपा शेवटी बोटीखाली गोल गोल फिरतो, आणि दोरी पंख्याला घासायचा धोका तेव्हाच असतो. मी मूठ केली की तो थांबायचा, मी बोट दाखवलं की आमची बोट त्या बाजूला सरकायची. चाळीस मिनिटांत आम्ही एक शब्द बोललो नाही. मासा वर आल्यावर लगेच रक्त काढून बर्फात घातला. कुप्याचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम राहतं, धडपडीत आणखी तापतं, उशीर केला तर मांस खराब होतं. हात धुताना माझी बोटं थरथरत होती.

परतताना सुकाणू मी घेतलं. साठ अंश. नवरा बर्फाच्या पेटीला टेकून बसला आणि थोड्या वेळाने झोपला, अगदी गाढ. दीपस्तंभ दिसला तरी मी त्याला उठवलं नाही, धक्क्याला दोर बांधून झाल्यावर हाक मारली.