नानांच्या वह्या आणि वर्डमधल्या नको त्या फटी

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतात. गेली सव्वीस वर्षं हंगामाची नोंद ते वहीत ठेवतात. एप्रिलची खरड छाटणी कुठल्या तारखेला झाली, ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, कधी धरली, कुठल्या प्लॉटला काय फवारलं, डाऊनी हा बुरशीचा रोग आधी कुठल्या ओळीत दिसला, अवकाळी कधी पडला, सगळं. अशा चौदा वह्या झाल्या. यंदा गोडी छाटणीच्या आधी त्यातल्या कामाच्या नोंदी छापून भाऊबंदांच्या हातात द्यायच्या, असं मी मनावर घेतलं.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. नोकरी सांभाळून एकटीने चौदा वह्या टाइप होणार नव्हत्या, म्हणून काम वाटून दिलं. पहिल्या पाच वह्या शालिमारजवळच्या एका डीटीपीवाल्यांकडे दिल्या. त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नंतर युनिकोडमध्ये बदलून दिल्या. चार वह्या भाच्याने मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सअॅपवर पाठवल्या. फवारणीची काही पानं नानांच्या एका मित्राने पूर्वीच टाइप करून ठेवली होती, त्यांची पीडीएफ मिळाली. उरलेलं मी केलं. मग सगळं एका वर्ड फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवलं.

फाइल झाली एकशे एकावन्न पानांची. कुठे दोन परिच्छेदांत चार बोटं जागा, कुठे एकाच ओळीतले शब्द एकमेकांपासून फाकलेले, कुठे अर्धं पान कोरं. दिसायला वाईट होतं ते होतंच, पण मी खरी घाबरले ती औषधांच्या पानांवर. डीटीपीवाल्यांनी औषधाचं नाव आणि प्रमाण यांच्यामध्ये स्पेसबार दाबून रकाने पाडले होते. फॉन्ट बदलल्यावर ते रकाने सरकले आणि एका औषधाचं प्रमाण खालच्या औषधासमोर जाऊन बसलं. एका पानाच्या तळाशी 'मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १००' एवढंच होतं आणि 'लिटर' पुढच्या पानावर. एक टक्का बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचं हे प्रमाण आमच्या भागात सगळ्यांना पाठ असतं, तिथे चूक व्हायची नाही. पण जीएचं, म्हणजे घडांसाठी वापरतात त्या जिबरेलिक अॅसिडचं, तसं नाही. १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम. तो आकडा खालच्या ओळीला चिकटून वाचला गेला तर घडाचं नुकसान ठरलेलं. नानांच्या नावावर असं काही छापून जाणं मला सहन झालं नसतं.

पहिले दोन दिवस मी हाताने बॅकस्पेस मारत बसले. बावीस पानं झाली. तेविसाव्या पानावर लक्षात आलं की वर काढलेली जागा खाली दुसऱ्याच ठिकाणी उघडते आहे. मग सगळं सिलेक्ट करून पॅराग्राफच्या खिडकीत ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' निवडलं आणि १४ पॉइंट टाकलं. पानं भराभर कमी झाली, पण वरच्या वेलांट्या आणि रफार कापले गेले, खालचे उकार अर्धे दिसेनासे झाले. इंग्रजी मजकुराला १४ पॉइंट पुरतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि खालीही. मंगल फॉन्ट तर ती जागा आधीपासूनच सढळ हाताने धरून ठेवतो. म्हणून त्यात टाइप केलेला मजकूर सिंगल स्पेसिंगमध्येही विरळ दिसतो, आणि जी ओळ नुसत्या इंग्रजी फॉन्टमधल्या आकड्यांची असते ती शेजारच्या ओळींपेक्षा दाटलेली दिसते.

शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन शालिमारला गेले. डीटीपीवाले काका म्हणाले, "ताई, नुसतं पुसत बसू नका. आधी खुणा चालू करा, मग कळेल जागा कशाची आहे." त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबलं. पडद्यावर ठिपके, बाण आणि उलट्या पी सारख्या खुणा उमटल्या. माझ्या दृष्टीने काम तिथेच फिरलं. तोवर मला सगळी पांढरी जागा सारखीच वाटत होती. आता ती निरनिराळी दिसायला लागली. प्रत्येक ठिपका म्हणजे स्पेसबार, उजवीकडचा बाण म्हणजे टॅब, उलट्या पी ची खूण म्हणजे एन्टर, आणि खाली येऊन डावीकडे वळलेला बाण म्हणजे शिफ्ट दाबून मारलेलं एन्टर. ज्या मोकळ्या जागेत एकही खूण नाही, ती कोणी टाइप केलेली नसते. ती परिच्छेदाच्या मांडणीतून आलेली असते, बॅकस्पेस तिला लागत नाही.

ही शेवटची गोष्ट समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वर्ड २००३ पर्यंत कोऱ्या फाइलमध्ये परिच्छेदानंतर काहीच जागा नसायची. २००७ पासून १० पॉइंट जागा आणि ओळींचं अंतर १.१५ असं आपोआप यायला लागलं. २०१३ मध्ये ते ८ पॉइंट आणि १.०८ झालं. डीटीपीवाल्या काकांची सवय जुनी, परिच्छेद संपला की दोनदा एन्टर. माझ्या कॉम्प्युटरवरच्या वर्डने त्या रिकाम्या परिच्छेदालाही आपली वेगळी जागा दिली. म्हणून एका एन्टरच्या जागी अडीच ओळी मोकळ्या दिसत होत्या.

घरी येऊन फाइलच्या तीन प्रती केल्या. हे आधी केलं नसतं तर पुढे जे झालं त्यात सगळं काम गेलं असतं.

दोन एन्टर एकत्र आलेले काढणं सोपं निघालं. फाइंड अँड रिप्लेसमध्ये 'मोअर' दाबून 'स्पेशल' यादीतून पॅराग्राफ मार्क दोनदा निवडायचं, खालच्या रकान्यात एकदा, आणि रिप्लेस ऑल. एका फेरीत सगळे जात नाहीत, कारण कुठे चार-चार एन्टर असतात. काही सापडलं नाही असं सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबलं. दोन स्पेसच्या जागी एक, हेही असंच. फक्त ते करण्याआधी औषधांचे रकाने मी खऱ्या टेबलमध्ये हलवले. नाहीतर स्पेस गेल्यावर कुठला आकडा कोणाचा हे कळायला मार्गच उरला नसता. त्या टेबलांसाठी मूळ वह्या घेऊन बसले आणि नानांच्या अक्षरातला प्रत्येक आकडा बोट ठेवून पडताळला. सहा संध्याकाळी गेल्या. त्या घाईने उरकण्यासारख्या नव्हत्या.

पीडीएफमधून आलेल्या पानांचं दुखणं वेगळं होतं, म्हणून ती मी या सगळ्याच्या आधीच बाजूला काढली होती. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एन्टर होतं, म्हणजे प्रत्येक ओळ हाच एक परिच्छेद. मी आधी सगळे पॅराग्राफ मार्क काढून स्पेस टाकला, तर नऊ पानांची एक सलग भिंत झाली. कंट्रोल झेडने परत आणलं. मग खऱ्या परिच्छेदांमध्ये होती ती दोन एन्टरची जोडी आधी मजकुरात कुठेच न येणाऱ्या चिन्हांत बदलली, दोन तारे आणि दोन तिरप्या रेघा अशी. त्यानंतर उरलेले एकेरी एन्टर स्पेसमध्ये बदलले. सरतेशेवटी ती चिन्हं परत एन्टरमध्ये. हा क्रम चुकवायचा नाही.

भाच्याने पाठवलेल्या मजकुरात शब्द फाकत होते, त्याचं कारण खाली वळलेला बाण. चिकटवताना त्याच्या ओळींच्या शेवटी शिफ्ट-एन्टर आलं होतं आणि मी परिच्छेद दोन्ही कडांना जुळवून घेतले होते. परिच्छेदाची शेवटची ओळ वर्ड ताणत नाही, पण शिफ्ट-एन्टरची ओळ त्याच्या लेखी शेवटची नसतेच. म्हणून 'आज पाऊस नाही' हे तीन शब्द पूर्ण पानभर पसरले. 'स्पेशल' यादीतला मॅन्युअल लाइन ब्रेक शोधून त्याच्या जागी पॅराग्राफ मार्क टाकल्यावर सगळ्या ओळी जागेवर आल्या.

इथपर्यंत हात बसला होता आणि त्या जोरावर माझ्याकडून मोठी चूक झाली. खुणा चालू असताना काही शब्दांच्या मध्ये बारीक चौकोन दिसत होते. मला वाटलं, हाही युनिकोड करताना राहिलेला कचरा. 'स्पेशल' यादीत 'नो-विड्थ नॉन ब्रेक' असं नाव मिळालं, ते शोधलं आणि रिप्लेस ऑल करून पुसलं. शेकडो ठिकाणं एका फटक्यात साफ. फाइल सेव्ह करून झोपले. सकाळी पहिल्याच पानावर 'वार्याचा वेग', 'शेतकर्यांनी', 'दुसर्या फवारणीला'. वाऱ्याचा अर्धचंद्र गेला होता आणि त्याच्या जागी रफार येऊन बसला होता.

ती चिन्हं कचरा नव्हतीच. मराठीतला तो अर्धचंद्रासारखा र काही टायपिंगमध्ये र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहिला जातो. रफार नको, अर्धचंद्र हवा, हे ते जोडचिन्ह सांगतं. ते काढलं की मराठी शब्द चुकीचा होतो. तऱ्हा, वऱ्हाड, कुऱ्हाड, सगळ्यांचं हेच. आदल्या दिवशीच्या प्रतीवर परत गेले. भाच्याच्या मजकुरात मात्र हा प्रश्न आलाच नव्हता. त्याच्या कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ आहे, त्याला हलन्त देऊन पुढे य लिहिला की जोडचिन्हाची गरज पडत नाही. मग मी डीटीपीच्या मजकुरातली र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिन्ही एकत्र शोधली आणि त्याजागी ऱ आणि हलन्त टाकलं. आता ती फाइल कुठेही चिकटवली तरी वाऱ्याला काही होणार नाही.

काही जागा काढायच्या नसतात, उलट घालायच्या असतात, हेही त्यातून मनात पक्कं झालं. 'आकडा आणि एकक' यांच्यामध्ये मी कंट्रोल आणि शिफ्टसह स्पेसबार दाबून न तुटणारी जागा घातली. १०० आणि लिटर आता कायम एकाच ओळीत राहतात. पीडीएफमधून आलेल्या अशाच न तुटणाऱ्या जागा इतरत्र नको तिथे होत्या, त्या आधी साध्या करून घेतल्या आणि मगच ही मोहीम केली.

मांडणी सगळ्यात शेवटी. 'नॉर्मल' स्टाइलमध्येच, म्हणजे वर्डच्या मूळ मांडणीच्या साच्यातच, फॉन्ट कोकिळा केला. देवनागरीचा आकार 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या वेगळ्या रकान्यात असतो, तिथे १६ दिला, कारण कोकिळाचं अक्षर मुळात लहान आहे. परिच्छेदाच्या आधी शून्य, नंतर ४ पॉइंट, ओळीचं अंतर 'एक्झॅक्टली' २२. रफार, उकार शाबूत राहिले. मग सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, म्हणजे एकेका परिच्छेदावर हाताने केलेल्या जुन्या मांडण्या निघून जातात आणि स्टाइलचं राज्य सुरू होतं. अर्धी कोरी पानं उरली होती, ती 'कीप विथ नेक्स्ट'मुळे, म्हणजे परिच्छेद पुढच्या परिच्छेदाला धरून ठेवणाऱ्या सोयीमुळे. कुठून तरी चिकटवताना ते स्टाइलमध्येच शिरलं होतं, म्हणून कंट्रोल क्यूने गेलं नव्हतं, आणि त्यामुळे गठ्ठेच्या गठ्ठे पुढच्या पानावर ढकलले जात होते. फक्त मथळ्यांना ठेवून बाकीचं काढलं. शेवटच्या टेबलनंतर एक कोरं पान हटेना. टेबलच्या खाली एक परिच्छेद राहतोच, तो काढता येत नाही. त्याचा फॉन्ट १ पॉइंट केला, ओळीचं अंतरही 'एक्झॅक्टली' १ केलं, परिच्छेदानंतरची जागा शून्य केली, पान गेलं.

अठ्ठ्याऐंशी पानं झाली. एक प्रत काढून रविवारी गावी गेले. नानांनी चष्मा लावून आधी औषधांची पानं उघडली आणि मूळ वही शेजारी ठेवून आकडे पडताळले. दीड तास कोणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "आकडे बरोबर आहेत, पोरी. पण प्रत्येक पंधरवड्याखाली दोन ओळी मोकळ्या सोड. ज्याची बाग त्याने तिथं आपलं लिहायला पाहिजे."

पंधरवड्याच्या नोंदींना मी वेगळी स्टाइल दिलेली होती. परिच्छेदानंतरच्या ४ पॉइंटच्या जागी ४४ टाकले. नाशिकला परत येऊन सकाळी फाइल छपाईला दिली.