नळीतला कागद

आमच्या घरात पणजोबांबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या जात. एक, ते आगबोटीवर होते. दुसरी, ते सारंग, म्हणजे खलाशांच्या टोळीचे मुकादम, होते. दुसरी सांगताना आत्याचा आवाज हमखास चढायचा. पुरावा म्हणाल तर पत्र्याचं एक नळकांडं आणि त्यात गुंडाळून ठेवलेला, जहाजावरून सुटल्याचा दाखला. त्या दाखल्यालाच घरात 'नळी' म्हणत.

मी नळी उघडली तेव्हा निम्मा कागद वाळवीने खाल्ला होता. हुद्द्याची ओळ नेमकी त्यातच गेलेली. वाचता आलं ते एवढंच: जहाजाचं नाव, ग्लासगो हे त्याच्या नोंदणीचं बंदर आणि १९१२ साल.

सुरुवातीलाच चुकलो. नावाने शोधत बसलो. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या १९१५ सालच्या खलाशी-याद्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. स्वयंसेवकांनी सुमारे ३९,००० याद्यांमधली साडेसात लाखांवर नावं उतरवून काढली आहेत. मी 'बाबाजी' टाकलं. बाबाजी निघाले, पण आमचे कुठले ते कळेना. आडनावं नाहीतच, फार तर पुढे बापाचं नाव, तेही गोऱ्या कारकुनाच्या कानावर जसं पडलं तसं रोमन लिपीत. एकाच नावाची किती रूपं होऊ शकतात याचा मी महिनाभर नाद केला आणि सोडून दिला.

मग वाचनात आलं की ब्रिटिश सरकारने खलाशांची नावनिहाय नोंदवही १८५७ साली बंद केली ती थेट १९१३ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे १९१२ साली माणूस नावाने सापडणारच नव्हता. नोंद होती ती जहाजाची, आणि माणूस तिच्या पोटात.

जहाजाला मात्र एक सोय असते. १८५५ पासून प्रत्येक नोंदणीकृत ब्रिटिश जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळे. जहाज विकलं, त्याचं नाव बदललं, तरी क्रमांक तोच. माझ्या जहाजाच्या नावाची तीन जहाजं निघाली. त्या काळी दरवर्षी छापल्या जाणाऱ्या 'मर्कंटाइल नेव्ही लिस्ट'मध्ये ग्लासगोचं त्यातलं एकच होतं. क्रमांक हाती आला त्या रात्री मला झोप नाही.

पुढचा प्रश्न, १९१२ ची यादी आहे कुठे? हे प्रकरण गमतीचं आहे. १८६१ ते १९३८ च्या याद्यांचा ढीग इतका मोठा की एका दफ्तरखान्यात मावेना. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने नमुना म्हणून दहा टक्के ठेवल्या. ज्या सालाच्या शेवटी पाच येतो त्या सालांच्या उरलेल्या याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे गेल्या. बाकी बहुतेक सगळा ढीग, जवळजवळ सत्तर टक्के, समुद्र ओलांडून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात पोचला. मुंबई बंदरात भरती झालेल्या माणसाचं नाव शोधायला न्यूफाउंडलंडला पत्र! पण तिथल्या सूचीत क्रमांक आणि साल टाकलं, की यादी आहे की नाही ते लगेच कळतं. माझी होती. पैसे भरले, वाट पाहिली, प्रती आल्या.

यादीत इंजिनखात्याची माणसं ओळीने होती. सर्वांत वर सारंग. त्याच्याखाली तांडेल, तेलवाले, आगवाले आणि तळाशी कोळसेवाले, म्हणजे बंकरमधला कोळसा भट्टीपर्यंत ओढून आणणारे. आमचे बाबाजी तळाशी. वय ३०. सहीच्या जागी फुली.

आत्याला फोनवर कसं सांगायचं याची मी दोन दिवस तयारी केली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काहीतरी चुकतंय तुझं. सारंगाचं नाव काय लिहिलंय?" मी वाचलं. इंग्रजी अक्षरांचं जमेल तसं मराठी केलं. पलीकडे शांतता. मग, "अरे, हा तर माझ्या आजीचा भाऊ!"

तेव्हा लक्षात आलं. सारंग आपली माणसं आपणच गोळा करी: भाऊबंद, मेव्हणे, गावातली पोरं. सगळी टोळी एकदम करारावर चढे आणि पुष्कळदा एकदमच दुसऱ्या जहाजावर जाई. यादीत 'याआधीचं जहाज' असा एक रकाना असतो. आमच्या यादीत सारंगापासून कोळसेवाल्यांपर्यंत बहुतेकांच्या पुढे एकच नाव होतं. ते जहाज धरून मी आणखी एक यादी मागवली. तिच्यातही तीच मंडळी, फक्त दोन पोरं कमी. हा रकाना म्हणजे मागे मागे जायचा जिना आहे आणि मी महिनाभर भिंतीवर चढत होतो.

मग १९१५ कडे परतलो. या वेळी पणजोबा नाही, सारंग शोधला. त्याचं नाव जरा वेगळं, कारकुनाच्या हातून फारसं बिघडलेलं नव्हतं. दुसऱ्याच प्रयत्नात जहाज मिळालं. मूळ पानाचं छायाचित्र उघडून खाली खाली आलो. अकराव्या ओळीत बाबाजी होते. पहिलं अक्षर पुसट, म्हणून उतरवून घेणाऱ्याने 'बी'चा 'आर' केला होता. 'राबाजी'! मी जन्मभर शोधलं असतं तरी सापडले नसते.

हुद्दा आता आगवाला. वय २८. तीन वर्षांत दोनने घटलं. विचारणाऱ्याला घाई असेल, सांगणाऱ्यालाही. सुटल्याचं ठिकाण मुंबई. फुली तीच, डावीकडे कललेली.

आत्याला दोन्ही पानं छापून दिली. तिने सारंगाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "ह्याच्या आधीचं जहाज कुठलं लिहिलंय?"