मॅडम, सर आले नाहीत का?

गाडी सर्व्हिसिंगला द्यायची असली की आदल्या रात्री मी खाली जाऊन तिचे कप्पे रिकामे करते. पार्किंगसाठी जमवलेली सुटी नाणी, गॉगल, ओल्या हवेत कागदाला चिकटून बसलेल्या लिमलेटच्या गोळ्या, डिकीतली छत्री. इस्पितळात भरती करताना बाईच्या अंगावरचे दागिने घरच्यांच्या हातात काढून देतात, तसंच काहीसं. गणपतीची छोटी मूर्ती तेवढी डॅशबोर्डवर राहू देते. आत काय चाललंय यावर कुणाचं तरी लक्ष हवं.

सकाळी नऊला हायवेलगतच्या त्या काचेच्या इमारतीसमोर रांग लागलेली असते. गळ्यात पट्टा आणि हातात टॅब घेतलेला एक मुलगा गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो, प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढतो, आणि मग खिडकीतून आत वाकून विचारतो, "मॅडम, सर आले नाहीत का?"

गाडी माझी. हप्ते मी फेडले. चालवते मी. आमच्या सरांनी १९९८ साली लायसन्स काढलं आणि महिन्याभरात सोसायटीच्या कंपाउंडची भिंत मागे सरकवायचा प्रयत्न केला. तेव्हापासून ते डावीकडे बसून ब्रेक मारतात. तिथे पायाखाली काही नसतं, पण मारतात. हे सगळं त्या टॅबवाल्याला सांगण्यात अर्थ नसतो. त्याच्या पडद्यावर 'दुसरा नंबर' अशी एक चौकट असते आणि तिथे पहिल्याच वर्षी कुणीतरी नवऱ्याचा नंबर भरून ठेवलाय. या चौकटीमुळे माझं किती नुकसान झालंय ते पुढे येईलच.

मग सुरू होते शिफारस. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर हे ठरलेलं, त्याबद्दल वाद नाही. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. माझं नेहमी वर्षच आधी होतं. पण त्यानंतर मुलगा आवाज जरा खाली आणतो. "मॅडम, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग घेऊन टाकू? एसी डिसइन्फेक्शन? उंदरांसाठी स्प्रे? अंडरबॉडी कोटिंग? इंजिन ड्रेसिंग?" ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखालच्या प्लॅस्टिकला चकाकी आणणारा फवारा. इंजिनाला कुठे लग्नाला जायचंय? एका वर्षी टायरमध्ये नायट्रोजन भरून देतो म्हणाला. मी म्हटलं, अरे, साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, शाळेत शिकवतात. त्यानं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की वाटलं, मी त्याच्या गुरूंबद्दल काही वावगं बोलले.

एस्टिमेट पाच हजार आठशेचं निघतं. खरी गंमत दुपारी साडेबाराला. फोन येतो: "मॅडम, एक छोटं काम निघालंय." 'निघालंय' हे क्रियापद मी फक्त दोनच ठिकाणी ऐकलंय. जुन्या घराची फरशी उखडली की खाली काम निघतं, आणि गाडी जॅकवर चढली की निघतं. काम कधी कुणी काढत नाही, ते आपलं आपण निघतं. मी नको म्हटलं तर पाच मिनिटांनी तोच फोन दुसऱ्या चौकटीतल्या नंबरवर जातो. संध्याकाळी बिल अकरा हजार तीनशे चाळीस. "सरांनी हो म्हटलं होतं मॅडम."

सरांना विचारलं तर म्हणाले, "तो 'सेफ्टी' म्हणाला गं. सेफ्टीला नाही कसं म्हणायचं?"

मला ते बिल घरी नेऊन चष्मा लावून वाचायचं वेड आहे. ऑइल तीन पूर्णांक काहीतरी लिटर, दशांशात. किराणावाला तूर डाळ इतक्या काटेकोरपणे मोजत नाही. ड्रेन प्लगची वॉशर, एक नग. मजुरीच्या चार वेगवेगळ्या ओळी, त्यावर अठरा टक्के जीएसटी. पहिल्या तीन सर्व्हिसिंग मोफत असतात म्हणतात, पण मोफत असते ती मजुरी. बाकी सगळ्याचे पैसे मोजायचेच. आणि सगळ्यात खाली, लाजत उभी राहिल्यासारखी एक ओळ: कन्झ्युमेबल्स, एकशे ऐंशी रुपये. हे काय विचारलं तर उत्तर मिळालं, "हात पुसायचा कापूस, ग्रीस, असं." म्हणजे त्यांनी हात पुसले त्याचे पैसे मी दिले. भाजीवाल्यानं पिशवीचे दोन रुपये लावले तर आपण मंडईत केवढा आवाज करतो!

ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू झाली त्या पुण्यात राहून मी हे एकशे ऐंशी रुपये गपचूप देऊन येते. नवरा दरवेळी म्हणतो, "१९१५ ला फोन लाव, ग्राहक हेल्पलाइन आहे." मी लावत नाही. एकशे ऐंशी रुपयांच्या कापसासाठी सरकारला उठवायचं म्हणजे जरा जड जातं.

तिथे वर एक लाउंज आहे. कॉफीचं मशीन, आवाज बंद केलेला टीव्ही, आणि एक भली मोठी काच. काचेतून खालचा वर्कशॉप दिसतो. "ट्रान्सपरन्सी मॅडम," असं मला पहिल्या वर्षी अभिमानानं सांगितलं होतं. दिसतो सगळा वर्कशॉप; फक्त आपली गाडी खांबामागे असते. कुणाचीही गाडी असो, तिचा मालक लाउंजमध्ये आला की ती खांबामागे जाते. मी काचेला नाक लावून उभी असते. एकदा खालच्या एका पोरानं गाडीखालून डोकं बाहेर काढलं, वर पाहिलं, मी उगाचच हात केला. त्यानं पान्हा उचलून दाखवला आणि पुन्हा आत शिरला. त्या इमारतीत मला 'सर कुठे' न विचारणारा तो एकटाच. अर्थात काच होती मध्ये.

आमच्या सांगलीच्या घरी बाबांची पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, १०८९ सीसीचं इंजिन, आणि थंडीत चोक ओढून तिची मनधरणी करावी लागायची. तिचा मिस्त्री लिंबाच्या झाडाखाली बसायचा. बाबा स्टुलावर. मिस्त्री प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकायचा, बाबांच्या नाकासमोर धरायचा. कार्बोरेटर उघडून रॉकेलच्या डब्यात बुडवायचा. बदललेला प्रत्येक पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून परत द्यायचा, आणि बाबा ते जपून ठेवायचे. आमच्या माळ्यावर पद्मिनीचे जुने पॉइंट, फाटकी गॅस्केटं आणि एक झिजलेली क्लचप्लेट अशी मिरवणूक कितीतरी वर्षं पडून होती. मी एकदा इथे जुना फिल्टर परत मागितला तर मुलगा गोंधळला. "मॅडम, तो स्क्रॅपला गेला. तुम्हाला कशाला हवाय?" आता बाबांच्या माळ्याचं मी त्याला काय सांगणार?

पण मिस्त्रीची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. 'दोन दिवसांत देतो' म्हणून त्यानं एकदा पद्मिनी ठेवून घेतली आणि चौथ्या दिवशी ती आम्हाला गणपती पेठेत दिसली. फुलांच्या माळा घालून, पुढे बँड, आत त्याच्या मेव्हणीचा नवरदेव. बाबा सायकलवरून उतरून बाजूला उभे राहिले आणि वरात जाऊ दिली. वर म्हणाले, "इंजिन छान वाजतंय."

तेव्हा फसवणूक दिसायची तरी, हाच काय तो फरक. इथे गाडी परत मिळते तेव्हा सीट हातभर मागे गेलेली असते, आरसा आभाळाकडे बघत असतो, माझी विविध भारती जाऊन तिथे कुणीतरी किंचाळत असतं, आणि मीटर नऊ किलोमीटर पुढे असतो. "ट्रायल घेतली मॅडम." घ्या बापडे. डॅशबोर्ड मात्र असा चकचकीत केलेला असतो की समोरच्या काचेत त्याचंच प्रतिबिंब पडतं आणि रस्ता दिसत नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी सर्व्हिसिंग होऊन चार दिवस झाले आणि मागून खडखड यायला लागली. खड्ड्यात गाडी गेली की खड, गतिरोधकावर खडखड. पुण्यात म्हणजे अखंड. परत घेऊन गेले. टॅबवाला गाडी घेऊन फिरून आला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "लिंक रॉड आणि बुश गेलेत. चार हजार सहाशे." लिंक रॉड पुढच्या चाकांजवळ असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तरी आवाज मागून येतोय एवढं कळत होतं. उद्या सांगते म्हटलं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायरचं पंक्चर काढणाऱ्याकडे हवा भरायला थांबले. त्यानं नुसतं ऐकलं, डिकी उघडली, खालचं कार्पेट उचललं. जॅक त्याच्या खाचेत घट्ट बसलेला नव्हता, स्टेपनीशेजारी मोकळाच लोळत होता. सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी स्टेपनीची हवा बघायला हात घातला असणार. त्यानं जॅक खाचेत ठेवून दोन पिळे दिले. मी पर्स उघडली. "राहू दे वहिनी, हवेचे वीस द्या."

चार हजार सहाशे आणि वीस. त्या दिवशी मी खरी चिडले. चिडून भाच्याला फोन केला, कारण तो या सगळ्यातला जाणकार. तो म्हणाला, "मावशी, खूण करून ठेवायची." आणि केबिन फिल्टर कसा काढायचा ते त्यानं मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. डाव्या बाजूचा कप्पा पूर्ण उघडायचा, दोन्ही कडा आत दाबायच्या की तो खाली लोंबतो. मागे एक चपटं झाकण असतं, त्यामागे पुठ्ठ्याच्या चौकटीतला घड्या-घड्यांचा फिल्टर. ड्रॉवरसारखा ओढला की बाहेर. पाच मिनिटांचं काम. माझ्या फिल्टरमध्ये शेवरीचा कापूस, दोन वाळकी पानं आणि एक पंख होता. कुणाचा होता देव जाणे. आपण एसी लावतो तेव्हा याच्यातून गाळलेली हवा खातो.

नुसती फुली मारणं मला रुक्ष वाटलं. मी चौकटीच्या कडेला बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलं: राम राम. आणि फोटो काढून ठेवला.

सर्व्हिसिंग झाली, बिलात केबिन फिल्टर, एक नग. घरी येऊन कप्पा उघडला. पंख गेला होता, कापूस गेला होता, हवेचा झोत मारून बाकीही बरंच साफ केलं होतं. आणि कडेवर माझ्याच अक्षरात राम राम.

फोन केला तर पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग उत्तर: "मॅडम, सिस्टीममध्ये तर चेंज दाखवतंय."

हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. नवऱ्यानं 'दूध आणलंस का' विचारलं की मी म्हणते, सिस्टीममध्ये तर आणलेलं दाखवतंय. तर दुसऱ्या दिवशी मी तो फिल्टर हातात घेऊन तिथे गेले. मॅनेजरनं पाहिला, उलटा करून पाहिला, राम राम वाचलं. नकळत त्याच्या तोंडून "राम राम" निघालंही. नवा फिल्टर माझ्यासमोर बसवला आणि वर फुकट पॉलिश देऊ केलं. बाजूला तो टॅबवाला उभा होता, कानापर्यंत लाल. त्याला महिन्याला किती कोटिंगं आणि किती फवारे खपवायचे याचा आकडा ठरवून दिलेला असतो, हे त्यानंच मला एकदा रांगेत उभ्या-उभ्या सांगितलं होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, कंपनीचा फीडबॅक कॉल येईल. दहापैकी दहा द्या प्लीज. नऊ दिले तरी आम्हाला झिरो धरतात." मी दहा दिले. का दिले, विचारू नका.

यंदा पुन्हा तिथेच गेले. वॉरंटी वाढवून घेतलीय, दुसरीकडे नेलं तर ती अडचणीत येते. टॅबवाला नवीन होता. सर आले नाहीत का हे त्यानंही विचारलं. मी काचेला नाक लावून उभी राहिले, गाडी खांबामागे गेली, साडेबाराला काम निघालं, मी नको म्हटलं. नवऱ्याचा फोन मी त्या दिवशी सकाळीच काढून पर्समध्ये घातला होता.

रात्री खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात कप्पा उघडला. फिल्टर पांढराशुभ्र, नवा कोरा. ओढून बाहेर काढला तर कडेला निळ्या पेनानं, ग्रीसच्या बोटाच्या ठशाशेजारी लिहिलेलं: "राम राम काकू. बदललाय."

फिल्टर नवा होता, त्यात वाद नाही. पण काकू? वर्कशॉपमधून वरच्या मजल्यावरच्या काचेत एवढं दिसतं?

वर येऊन नवऱ्याला दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं तो नाकाजवळ धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि म्हणाला, "सरांचा उल्लेख नाही कुठे."