अंगणवाडीला पाळणाघर जोडून घेताना

काजू फॅक्टरीतली बाई साडेआठला कामावर हजर असते, सुटते साडेपाचला. अंगणवाडी दुपारीच बंद. मधले तास पोराला बघायचं कोणी? आम्ही बचत गटाच्या बायका रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांसाठी याचेच अर्ज लिहितो.

सगळ्यात आधी, वेगळं पाळणाघर मागू नका. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखालच्या पाळणा योजनेत चालू अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. ६ महिने ते ६ वर्षांची जास्तीत जास्त २५ मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. राज्यात पहिल्या टप्प्यात मान्यता ३४५ केंद्रांना. एवढ्या थोड्या केंद्रांत आपला नंबर लागायचा तर अर्जाला जोडलेली मुलांची यादी भक्कम हवी.

बहुतेक याद्या मुलाचं नाव आणि वय लिहून संपतात. वय नको, जन्मतारीख लिहा. मंजुरी येईपर्यंत साडेपाच वर्षांचं पोर शाळेत गेलेलं असतं आणि यादी निम्मी होते. पुढे आईचं काम, घरातून निघायची वेळ, परतायची वेळ आणि कामाचे महिने. हे महिने फार महत्त्वाचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा पाहणी केली तर कोळंबी सोलणाऱ्या बायका घरीच दिसणार. आंब्याची पॅकिंग एप्रिल-मेची, भातलावणी पावसातली. एका भेटीत यादी होत नाही, दोन हंगामांत दोनदा फिरावं लागतं. आणि वाडी लिहा. नकाशात जवळ दिसणारी वाडी जुलैत वहाळापलीकडे अडकते.

बागांत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबं हमखास सुटतात. मुलाचं आधार नाही म्हणून सेविका परत पाठवते, पण नोंदणी आईच्या आधारावर होते. मूल दुसऱ्या अंगणवाडीत नोंदलेलं असेल तर पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदणीच्या ॲपवर, ते आधी हलवून घ्या.

आता वेळ. जेटीवर जाणारी पहाटे पाचला निघते, फॅक्टरीवाली आठला. साडेसात तासांत दोघी बसत नाहीत. ज्या वेळेच्या आया जास्त, ती वेळ मागायची. फॅक्टरीवालीचे दोन-अडीच तास तरीही उरतातच. मुलाला न्यायला कोण येणार, त्याची पाळी अर्जातच लिहून टाका.

ठराव महिला ग्रामसभेत घ्या, नंतर मोठ्या ग्रामसभेत वाचून घ्या. त्यात अंगणवाडीचा क्रमांक हवाच. नुसतं 'गावात पाळणाघर व्हावे' असं लिहिलं तर कागद फिरत राहतो. गाद्या, पंखा, लहान मुलांच्या संडासाची दुरुस्ती यांसाठी ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या १० टक्के रकमेतून तरतूद त्याच ठरावात मागा. अंगणवाडी भाड्याच्या खोलीत असेल तर झोपायला जागा आहे का, ते आधी बघा. पागोळ्या आत येणाऱ्या खोलीत तान्ही पोरं ठेवता येत नाहीत.

अर्ज मुख्यसेविकेमार्फत (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. महिना-दीड महिना उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'का दिलं नाही' असं विचारू नका. अर्जावरच्या टिपणीची प्रत मागा. मुदत ३० दिवसांची.

एक गोष्ट मात्र पुष्कळ जणी विसरतात. अंगणवाडी सेविकेला विचारल्याशिवाय हे उचलू नका, आधीच तिच्या डोक्यावर रजिस्टरं कमी नाहीत. पाळणा सेविका वेगळी नेमली जाते, मानधन ५५००, मदतनीसला ३०००. अंगणवाडी सेविकेला जादा १५०० आणि तिच्या मदतनीसला ७५०. पाळणा सेविका बारावी पास लागते, आणि बारावी झालेली मुलगी ५५०० वर किती दिवस टिकणार? फॅक्टरीत त्याहून बरं मिळतं. म्हणून लेकुरवाळी, त्याच वाडीतली बाई सुचवा.

आणि फॅक्टरीत ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय मालकावरच आहे, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून. तिथल्या बायकांची नावं आमच्या यादीत घालण्याआधी आम्ही हजेरीपटावरची माणसं मोजून घेतो.