खोलीचे तापमान

पीएच.डी.चा विद्यार्थी असो की नुकताच रुजू झालेला प्राध्यापक, नागपुरात भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो, 'सर, संशोधनाचा दर्जा सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी?' तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो: फसलेले प्रयोग प्रबंधात लिहिण्यापासून.

माझ्या एका विद्यार्थ्याला एन्झाइमची, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनाची, क्रियाशीलता मोजण्याची एक प्रकाशित पद्धत डिसेंबरात पहिल्याच फेरीत जमली. मे महिन्यात मात्र तीच रसायने, तेच उपकरण आणि तेच हात असूनही रीडिंग जुळेनात. तीन आठवडे आम्ही बाटल्यांवर संशय घेत बसलो. मूळ शोधनिबंधात एवढेच लिहिले होते की, मिश्रण खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवावे. बाहेर पारा ४५ अंशांना टेकलेला आणि कूलर नुसता दमटपणा ओतत असताना, ही खोली कोणत्या गावची समजायची? अखेर मिश्रण वॉटर बाथमध्ये, म्हणजे २५ अंशांवर स्थिर राखलेल्या पाण्यात, ठेवले आणि आकडे जुळले. ती तीन आठवड्यांची पाने प्रबंधातून मीच गाळायला लावली, कारण 'परीक्षक उगाच प्रश्न विचारतील'. दोन वर्षांनी दुसरी विद्यार्थिनी त्याच खड्ड्यात पडली.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. ॲमजेन या अमेरिकी औषध कंपनीतील शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ गाजलेले अभ्यास तपासले, तेव्हा त्यांपैकी फक्त ६ अभ्यासांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाले, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. प्रत्येक वेळी लबाडीच असते असे मी मानत नाही. बरेचदा यशस्वी फेरी तेवढी छापली जाते आणि उरलेल्या नऊ फेऱ्या वहीतच राहतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, हे योग्यच झाले, कारण त्या सक्तीवर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे चांगलेच फावले होते. प्राध्यापकांच्या बढतीच्या वेळची शोधनिबंधांची मोजणी मात्र चालूच आहे, आणि तिथे फसलेल्या प्रयोगाला शून्य गुण आहेत.

आता माझ्या प्रयोगशाळेत प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहावे लागते आणि प्रबंधात न जमलेल्या प्रयोगांचे एक प्रकरण असते. गेल्या वर्षी एका बाह्य परीक्षकांनी त्या प्रकरणावर 'अनावश्यक' असा शेरा मारला. विद्यार्थ्याने ते परिशिष्टात हलवले, आणि त्याची नोकरीची मुलाखत तोंडावर असल्यामुळे मीही मुकाट्याने सही केली.